आबांच्या कंबरेत माझी लाथ

तुमी सगळ्या सासऱ्याच्या पाया पडला असाल, मी सासऱ्याला लाथ घातलीय. हसू नका, तवा रडायची पाळी आली होती.

शहाण्णव साल असंल. पळसदेवला लग्न होऊन मला दोनच महिने झालेले. उजनीचं पाणी मागं हटलं म्हणून सासरे, आमचे आबा, पाण्याची मोटर खाली न्यायला गेले. एकट्यानं वाकून उचलली आणि कंबरेत उसण भरली. दोघांनी धरून घरी आणलं, तर दाराची चौकट धरून वाकलेलेच. दवाखान्यात न्यायचं तर इंदापूरची एसटी कधीच निघून गेली होती.

सासूबाई ओरडल्या, "गल्लीत कुणी पायाळू हाय का? तीन लाथा बसल्या की उसण जाती!"

मी पायाळू. पायाकडून जन्मलेली. पण आईनं बजावलेलं, "सासरी सांगू नगं. पायाळूवर वीज पडती म्हणत्यात, घरात ठिवायचं न्हाईत."

आबा कळवळले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हाय."



"आन् हे आता सांगतीस व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

आबा वाकल्या-वाकल्याच गरजले, "भांडण मागनं! सूनबाई, आधी लाथ घाल!"

मी डोळे मिटून पाय उचलला. तिसऱ्या लाथेला आबा सरळ झाले. लाथेनं का धसक्यानं, देव जाणे.

तवापासनं आबा काहीही उचलायचं तर आधी गुडघ्यात बसायचे. आणि आभाळ गडगडलं की सासूबाई गुरांच्या आधी मला घरात ओढायच्या, "आत ये गं! तुला काय झालं तर ह्येंच्या कंबरंचं काय?"