द्राक्षं संपल्यावरचं गाव

लेक: …आणि बाबा, इथे स्पष्ट लिहिलंय. ‘या दिवसांत द्राक्षांचे मळे छाटलेले असतात, बरीचशी दुकानं बंद असतात.’ तरी तुम्हाला याच आठवड्यात जायचंय?

बाबा: याच आठवड्यात. येत्या सोमवारीच निघू. गर्दी नको.

आई: गर्दी नको, द्राक्षं नकोत, आणि वाइनचा थेंब तुम्ही जिभेला लावत नाही. मग वाइनच्या गावाला जाऊन करायचं काय आपण? नुसत्या काठ्या बघत बसायचं?

बाबा: शांतता असते गं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आपण दोघं कुठे गेलोय का सांग बरं.

आई: तेच तर. बावीस वर्षं मी म्हणतेय, कुठेतरी जाऊ. दर वेळी तुमचं ठरलेलं उत्तर. ‘नवा चहा आलाय, रोज चाळीस कप चाखायचेत, मी पास केल्याशिवाय एक पेटी हलत नाही.’ आता आपोआप हलायला लागल्या वाटतं पेट्या.

लेक: आई, ऑफिस ऑफिसात ठेव ना. विमा कंपनीत खोटे दावे पकडतेस म्हणून घरीसुद्धा उलटतपासणी?

आई: तिथे माणसं निदान फॉर्म भरून खोटं बोलतात.

लेक: बरं, हॉटेल. हे नदीकाठचं मस्त आहे. खिडकीतून टेकडी दिसते, नाश्ता फुकट…

बाबा: ते नको. स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं घे. पिवळ्या दाराचं.

लेक: त्याला अडीच तारे आहेत, बाबा. एकाने लिहिलंय, ‘गाद्या बऱ्या. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.’

आई: दार पिवळं आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?

बाबा: फोटोत पाहिलं.

लेक: फोटोत दार नाहीये. फोटोत टोस्ट आहे.

बाबा: म्हणजे… फोनवर विचारलं होतं मी. खूण सांगितली त्यांनी.

आई: कोणी?

बाबा: हॉटेलवाल्यांनी. आणखी कोण सांगणार?

आई: बरं.

लेक: आईचं ‘बरं’ आलं. बाबा, जपून. किती रात्री? दोन?

बाबा: चार.

लेक: चार रात्री, त्या गाद्यांवर! ठीक आहे, तुमची मजा. आता सहल. मळा, तळघर, लाकडी पिंपं, सगळं दाखवतात, पण रोज एकदाच, साडेदहाला.

बाबा: सकाळ नको. दहा ते बारा काही ठेवू नकोस.

आई: चारही दिवस?

बाबा: चारही दिवस. मी जरा… चालायला जाईन म्हणतो.

आई: कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायला गाडी काढता तुम्ही.

बाबा: म्हणूनच. तब्येतीसाठी. तू तेवढ्यात आराम कर.

लेक: आई, मला वाटतं सरप्राइज आहे काहीतरी. बाबा, डोळा मारा, हो की नाही?

आई: तुझे बाबा आणि सरप्राइज! नाकासमोर चालणारा माणूस. तो वळणं घ्यायला लागला की मी सावध होते. तू एक काम कर. खाली जाऊन लिंबं घेऊन ये.

लेक: लिंबं आहेत फ्रीजमध्ये.

आई: आणखी आण.

लेक: म्हणजे मी जाऊ. कळलं.

(लेक लॅपटॉप उघडाच ठेवते, पायांत चपला सरकवते आणि दार मुद्दाम धाडकन ओढून घेते, म्हणजे आता दोघांनी खुशाल भांडावं.)

आई: हं, बोला.

बाबा: काय बोलू?

आई: मग मीच बोलते. लग्न झाल्यापासून या घरात वासाचा साबण नाही. केसांना बिनवासाचं तेल. सकाळी तुम्ही बाहेर पडेपर्यंत कांदा चिरायचा नाही. मावसबहिणीच्या लग्नात सगळ्याजणी घमघमत होत्या आणि मी आपली कोरडी ठणठणीत. का, तर साहेबांचं नाक बिघडेल! खरं की खोटं?

बाबा: खरं.

आई: आणि गेल्या महिन्यात तुम्ही सेंटची बाटली आणलीत. आपल्या हाताने माझ्या मनगटावर उडवलंत, आणि तिथे नाक टेकवून कितीतरी वेळ उभे राहिलात.

बाबा: आवडलं नव्हतं का तुला?

आई: रडू आलं होतं मला. म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं. मग दुसऱ्या दिवशी बसमध्ये डोकं चालायला लागलं. नवरा असा अचानक काही आणतो तेव्हा त्याच्या मनाला काहीतरी टोचत असतं.

बाबा: तसं नाही गं.

आई: थांबा, माझं झालं नाही. तुमची ती सहकारीण. रोज साडेआठला फोन. तुम्ही बाल्कनीत जाता, काच लावून घेता. परवा काच नीट लागली नव्हती. तुम्ही तिला म्हणालात, ‘तू आहेस म्हणून मी टिकलोय.’ हे शब्द, बरं का. हेच.

बाबा: म्हणालो असेन.

आई: ‘असेन’ नको. म्हणालात. आता एकच विचारते. ती येतेय का त्या गावाला?

बाबा: ती कशाला येईल! तिला घरी दोन लहान मुलं आहेत, सासू आजारी आहे.

आई: मग तिथे कोण आहे? रोज दहा ते बारा कोणाकडे जायचंय तुम्हाला?

बाबा: एक बाई आहेत.

आई: झालं. बाईच.

बाबा: सत्तरीच्या आहेत. डॉक्टर आहेत. हॉटेलच्या समोरच त्यांचा दवाखाना आहे, पिवळ्या दाराची खूण त्यांनीच सांगितली.

आई: डॉक्टर? कशाच्या डॉक्टर? काय झालंय तुम्हाला? अहो, बोला ना!

बाबा: माझं नाक गेलं.

आई: म्हणजे काय?

बाबा: वास येत नाही. कशाचाच नाही. ती मोठी सर्दी झाली होती बघ, सात महिन्यांपूर्वी. सर्दी गेली, वास काही परत आला नाही.

आई: कशाचाच नाही?

बाबा: चहा म्हणजे गरम पाणी झालंय मला. तुरट आहे एवढं जिभेला कळतं, पुढे सगळं कोरं. त्या दिवशी दूध करपलं, तेव्हा मी गॅसच्या शेजारी पेपर वाचत बसलो होतो. तू ओरडलीस तेव्हा कळलं.

आई: मला वाटलं, तुमचं घरात लक्षच उरलेलं नाही.

बाबा: आणि ते सेंट… दुकानदाराला म्हटलं, सगळ्यांत उग्र असेल ते द्या. एवढं तरी येईल म्हटलं. तुझ्या मनगटाला नाक लावून उभा राहिलो. काही नाही आलं.

आई: आणि मी मेली लाजत होते.

बाबा: तू लाजलीस ते पाहिलं मी. म्हणून मग काही बोलता आलं नाही.

आई: थांबा. थांबा जरा. मग ऑफिसात? रोजचे चाळीस कप? सात महिने कसं चाललंय हे?

बाबा: ती आठलाच जाते. कप मांडते, वास घेते, चाखते आणि मला फोनवर सांगते. तिसरा धुरकट, अकरावा शिळा, विसावा उत्तम. मी वहीत लिहून घेतो. गाडीत पाठ करतो. दहाला साहेबांसमोर भुरके मारतो, थुंकतो, मान डोलवतो आणि तिचंच सगळं म्हणून दाखवतो. सही माझी.

आई: आणि कोणी ओळखलं नाही?

बाबा: तीस वर्षांचा दरारा आहे. मी चाखल्यावर कप पुन्हा उचलायची हिंमत आहे कोणाची?

आई: अहो, तुम्हाला कळतंय का मी दिवसभर काय करते? असं वागणाऱ्या माणसांच्या फायली माझ्या टेबलावर येतात. त्यांच्या बायका बाहेरच्या बाकावर बसलेल्या असतात, आणि मला दर वेळी वाटतं, हिला कसं काही माहीत नाही?

बाबा: म्हणूनच नाही सांगितलं. कळलं असतं तर तू गप्प बसली नसतीस. आणि माझ्यासाठी गप्प बसली असतीस, तर तुला ते सोसलं नसतं.

आई: फार विचार केलात माझा! आणि त्या पोरीचा? उद्या बुरशीचा माल पास झाला म्हणजे नोकरी कोणाची जाणार?

बाबा: मी तिचं नाव घेणार नाही.

आई: तुम्ही कशाला घ्यायला हवं? रोजचे साडेआठचे फोन घेतील.

बाबा: हे डोक्यात आलं नव्हतं माझ्या.

आई: तिला मात्र सांगितलंत.

बाबा: नाही गं. तिनेच ओळखलं. मी एका शिळ्या कपाला ताजा म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि साहेबांचं लक्ष नसताना हळूच कप बदलून ठेवला. बस्स, एवढंच.

आई: तिला एका कपावरून कळलं. आणि मी एका घरात राहून… लोकांची लबाडी मला दारातून कळते हो. तुम्ही सात महिने तळमळत होतात, आणि मला त्यात बाई दिसली.

बाबा: तुझी काय चूक? मी लपवत होतो.

आई: चूक नाही म्हणून वाईट वाटायचं थांबतं का? सांगा पुढे. काय करतात त्या डॉक्टरीणबाई?

बाबा: वाइनवाल्यांचीही नाकं जातात म्हणे. त्या छोट्या छोट्या बाटल्या हुंगायला देतात. लिंबू, लवंग, ओली माती. रोज दोन तास, डोळे मिटून. काहींचं परत येतं. आणि चहाच्या धंद्यातलं तिथे मला कोणी ओळखत नाही.

आई: आणि काहींचं नाही येत.

बाबा: नाही येत.

आई: मग?

बाबा: मला दुसरं काही येत नाही गं. एक नाक होतं, त्यावर घर चाललं.

आई: ऐका. आमच्याकडे पकडल्यावर कबूल करणारा माणूस वेगळा, आणि आपण होऊन चालत येऊन सांगणारा वेगळा. दुसऱ्याला मी आधी खुर्ची देते, मग पाणी, मग फाइल उघडते. सुटका होईलच असं नाही. पण त्याच्याशी कोणी ओरडून बोलत नाही.

बाबा: काढून टाकतील मला.

आई: कदाचित.

बाबा: गावाला जाऊन आल्यावर सांगितलं तर? समज, वास आला परत…

आई: मग तर तुम्ही कधीच सांगणार नाही.

बाबा: हो. ते खरं आहे.

आई: आधी तिला फोन करा. सांगा, यापुढे ती जे चाखेल त्याखाली तिचीच सही. साहेबांना काय सांगणार तेही सांगा, म्हणजे ती तोंडघशी पडणार नाही.

बाबा: मग माझं तिथे काय उरलं?

आई: माहीत नाही. खोटं कशाला बोलू? खरंच माहीत नाही मला.

लेक: आले! दारात पाच मिनिटं उभी होते, आवाज बंद झाल्यावर आत आले. लिंबं नाही आणली. सोमवारी सकाळच्या गाडीला दोनच जागा उरल्यात, पटकन सांगा. धरू?

बाबा: मंगळवारचं बघ.

लेक: मघाशी तर सोमवार सोमवार चाललं होतं!

बाबा: सोमवारी दहाला मला साहेबांना भेटायचंय.

लेक: रजा मागायला?

बाबा: ते ठरवतील काय ते. बस इथे. तुलाही सांगायचंय.

लेक: आई? तुझे डोळे का असे झालेत? मी काही बुक करत नाहीये आता, आधी सांगा काय झालंय.

आई: कर तू बुक. मंगळवार. चार रात्री. हॉटेल बाबा म्हणतात तेच.

बाबा: सोमवारी मला सोडायला तेवढी येशील का? खाली गाडीतच थांब हवं तर. दहा मिनिटांचं काम आहे.

आई: मी रजा टाकतेय सोमवारी. येईन. पण खाली थांबणार नाही.