शंभरावा कंदील

आक्काताई : पिशवी भरून ठेवलीया मी. एकची कराडची गाडी चुकली तर पाटणला पोचायला दिवस बुडंल. ऊठ रं गंगाधर त्या कंप्युटरसमोरनं, मला ष्टँडवर सोड!

गंगाधर : एकच कंदील राहिलाय, आक्का. नव्याण्णव लावून झाले.

आक्काताई : खेळातलंच कंदील न्हवं? न्हाई लागला तर कुणाच्या घरात अंधार पडनार हाय?

गंगाधर : चारुशीलाला शब्द दिलाय. ती अंथरुणाला खिळली तेव्हा अपूर्वानं आईसाठी हा खेळ घालून दिला. शहाण्णव सालची दिवाळी होती. तिला घराची पायरी उतरवत नव्हती, पण यात अख्खं राज्य हिंडायची. मी बटणं दाबायचो, ती सांगायची, "नदी ओलांडा, किल्ल्यामागं बघा." चौसष्ट कंदील तिनं लावले. शेवटी म्हणाली, "एकसुद्धा ठेवू नका."

आक्काताई : म्हनून बायको गेल्यापास्नं तीन म्हैनं ह्येच. कुपवाडच्या कारखान्यातनं आला की बसला.

गंगाधर : भुयारं झाली, बेटं झाली. एकेक झाड हलवून बघितलं.

आक्काताई : आन् ह्ये पडद्यावर समोर दिसतंय त्ये घर? दार उघडं हाय की.

गंगाधर : सोप्यापर्यंत जाऊन आलो.

आक्काताई : त्याच्या मागं काय हाय?

गंगाधर : स्वयंपाकघर.

आक्काताई : तितं बघितलंस?

गंगाधर : नाही.

आक्काताई : का रं?

गंगाधर : चारुशीला जाऊ द्यायची नाही. "लोकांच्या चुलीपर्यंत न विचारता जायचं होय?" म्हणायची. एकाही घरात सोप्याच्या आत गेलो नाही आम्ही.

आक्काताई : आगं बया! चितरातल्या घरात?

गंगाधर : मी हसलो तर दिवसभर बोलली नाही.

आक्काताई : तशीच हुती ती. लगीन हून माझ्याकडं आली तवाबी मी ये म्हनीपतूर उंबऱ्यातच हुबी.

गंगाधर : म्हणून तर अडलंय. तिला दिलेला शब्द पाळायचा, तर तिचंच म्हणणं मोडायला लागतंय.

आक्काताई : मोडतंय कशानं? थोरल्या बाईनं व्हय म्हनलं की जाता येतंय. कोन हाय का त्या घरात?

गंगाधर : कुणीच नाही.

आक्काताई : मग मी हाय की! थोरली ननंद हाय तिची. जा आत, मी सांगते.

गंगाधर : घरं एकोणीस आहेत, आक्का.

आक्काताई : मग एकोनीस डाव सांगते. हो म्होरं!

(दीड तासानंतर. सतरावं घर.)

आक्काताई : जा आत, बाबा. मी सांगते.

गंगाधर : आक्का, तुझी गाडी गेली.

आक्काताई : जाऊ दे मसनात. त्ये काय हाय रं, चुलीच्या कडंला? त्ये काळं?

गंगाधर : कंदील! कंदीलच आहे!

आक्काताई : मग बघतोस काय, लाव की!

गंगाधर : लागला. बघ, शंभर! शंभरपैकी शंभर!

आक्काताई : येवढंच? टाळ्याबिळ्या वाजत न्हाईत व्हय त्यात?

गंगाधर : नाही. नुसता आकडा.

आक्काताई : आसं कसं? तुमी नवराबायकोनं मिळून अख्खं राज्य उजळलं. थांब, म्याच वाजवते.

गंगाधर : जोरात वाजव, आक्का.