गप झालास तर खाली ठेव

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, मायबहिणींनो, परंड्यातल्या सगळ्या तालमींच्या गड्यांनो, सगळ्यांना नमस्कार. आणि पलीकडं बसलेल्या चाचींना, आमच्या वस्तादांच्या घरच्यांना, सलाम.

बोलायला उभा राहिलोय खरा, पण कुठून सुरू करू कळत नाही. बाबूमियाँ वस्ताद समोर असते तर म्हणाले असते, "काय रं, गप झालास? मग बस खाली." म्हणून मी बोलत राहणार. तुम्ही हसलात तरी चालेल. त्यांच्या तालमीत मान खाली घालून बसलेलं पोरगं त्यांना आवडत नव्हतं.

बाहेरगावची मंडळी आलीत, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तालमीला गावात बडबडी तालीम म्हणतात. कारण वस्तादांचा नियम. मिसरूड न फुटलेल्या पोरानं जोर-बैठका काढायच्या त्या बोलत बोलत. शाळेत काय झालं, म्हशीनं कुणाला लाथ मारली, काहीही बोला. बोलणं अडलं की व्यायाम थांबला. दम खायचा, पाणी प्यायचं, आणि मग निवांत हौद्यातली माती उकरायची. दुसऱ्या तालमींत शड्डू ऐकू यायचे. आमच्यात सगळ्या गल्लीच्या खबरी ऐकू यायच्या.

आणि वजन उचलणं? मुदगलाकडं नुसतं बघितलं तरी वस्ताद म्हणायचे, "आधी सोताचं वझं पेलाय शीक. त्ये काय कमी हाय व्हय?" अंग दुखतंय म्हणून सांगणाऱ्या पोराला शाबासकी मिळायची. दुखणं लपवणाऱ्याला थेट घरी पाठवायचे, भाकरी खा आणि झोप म्हणून.

आता माझी गोष्ट. उरसाच्या मैदानात ती दगडाची भली जड, गोल गोटी आहे, तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. ती खांद्यावर घेतली की पोरगा गडी झाला, अशी आपल्याकडची रीत. मी तेव्हा सातवीत. माझे वडील, आमचे दादा, हे काय, पुढंच बसलेत पटका बांधून, यांनी सगळ्या बाजारात सांगून टाकलं होतं की यंदा माझं पोरगं गोटी उचलणार. झालं. वस्ताद नको म्हणाले. वडील तालमीत आले आणि कडाडले, "मग उद्यापासनं पोरगं हितं येणार न्हाय."

गोटी तर मला उचलायचीच होती. पण तालीम सुटली असती तर मी काय केलं असतं?

वस्ताद चिडले नाहीत. मला म्हणाले, "चल मैदानात. उचल. फकस्त बोलत उचलायची." मी विचारलं, काय बोलू? "काल राती काय जेवलास त्ये सांग."

वडील आणि तालमीतली सगळी पोरं मागोमाग मैदानात आली. मी वाकलो. गोटीला हात घातले. "काल राती भा..." एवढंच निघालं. पुढचा शब्द येईना, गोटी हलेना. वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भात का भाकरी?" सगळं मैदान हसलं. वडीलही हसले. नाही म्हणू नका दादा, मी बघितलंय.

मग वस्तादांनी वडिलांचा हात धरला आणि स्वतःच्या कमरेवर ठेवला. म्हणाले, "म्याबी ह्याच्याएवढा हुतो. हीच गोटी. दात आवळून उचलली. आत काहीतरी कडकन वाजलं, पण तोंड मिटलेलं, वरडाबी आलं न्हाय. तवापासनं माती उकराय वाकलो की कंबर धरती, आन आता घरात ह्यांची चाची चोळून देती." वडिलांनी बराच वेळ हात काढला नाही. शेवटी म्हणाले, "वस्ताद, चहा घ्याल का?"

मी तालमीत राहिलो. पण पुढं कित्येक दिवस मी दिसलो की पोरं ओरडायची, "भा." हायस्कूलची शेवटची परीक्षा झाली, त्या वर्षीच्या उरसात वस्तादांनी मला खूण केली. मी गोटी छातीशी घेतली, खांद्यावर घेतली, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "काल रात्री भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली." वस्तादांनी फेटा उडवला. वडिलांनी कुणालातरी मिठी मारली, माणूस अनोळखी निघाला.

आज मी शाळेत कवायत शिकवतो. माझं मैदानही बडबडं आहे. हेडमास्तर कटकट करतात, पण माझ्या एकाही पोराची पाठ धरलेली नाही. हे वस्तादांचं देणं आहे, आणि ते मला लई मोठं वाटतं.

गेल्या आठवड्यातही ते बाजेवर पडून होते आणि अंगणात पोरांना बैठका घालायला लावत होते. श्वास लागायचा, तरी प्रत्येकाला विचारायचे, जेवलास काय. मंगळवारी पोरं आली, बैठका सुरू झाल्या, आणि बाजेवरून काही विचारणं आलं नाही. पोरंच मग थांबली. त्यांना कुणी थांबा म्हणायची गरज पडली नाही.

मंडळी, तालीम बंद पडेल अशी चर्चा मी ऐकली. पडणार नाही. उद्या सकाळी मी तिथं असेन. पोरांनो, या, आणि काल काय जेवलात ते आठवून या.

आता उभे राहा. वस्तादांच्या तालमीत गप्प होण्याचा एकच अर्थ होता. पुरे झालं, भार खाली ठेव. आपण दोन मिनिटं गप्प राहू, आणि एवढंच त्यांना सांगू.

वस्ताद, लई उचललंत. ठेवा आता खाली.