दोन टेपांचा वायपर

नाही, पण मी म्हणतो, वायपरला बंद पडायला तीच जागा सापडली का? खाली सपाट रस्ता होता, पेट्रोल पंप होता, दोन गॅरेजं होती, तिथं हा शहाण्यासारखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे! आणि ऐन घाटमाथ्यावर, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही... काही नाही म्हणजे खरंच काही नाही हो, नुसती हवा... तिथं बर्फ असा अंगावर यायला लागला आणि या बाबानं मान टाकली! भीती वाटली. खोटं कशाला सांगू?

तसा मी कमी बोलणारा माणूस. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, तोंडात टाचण्या धरून बोलणार किती? बोलण्याचं खातं आमच्या हिच्याकडे. पण हे सांगायला लागलो की मलाही धाप लागते, तेव्हा मधे थांबवू नका.

तर लेकीकडून निघालो होतो, ती तिकडे उत्तरेला, बर्फाच्या पहाडात राहते. गाडी जावयाची. तो म्हणाला, "बाबा, खालच्या रस्त्यानं जा, लांब पडेल पण बरा." आणि मी काय म्हणालो? "घाटानं दीड तास वाचतो." कुणी सांगितलं होतं वाचवायला? रिटायर माणूस, दीड तास वाचवून मी करणार काय होतो? वर हिला दमा. थंड हवा लागली की छातीत शिट्टी वाजते. आणि नवा पंप... तो तोंडात मारायचा असतो ना, तो... नवा पंप लेकीच्या फ्रीजवर राहिला. कुणी ठेवला फ्रीजवर? "सापडावा म्हणून" कुणी ठेवला? मीच! जुन्यात सहा फवारे उरले होते.

काच पांढरी झाली. ब्रेक दाबला, गाडी जराशी तिरकी झाली आणि थांबली. मोटर आत गुरगुरतेय, पण पातं हलत नाही. जावयाला फोन लावला. "बाबा, अजिबात घाबरू नका! फ्यूज बघा, डाव्या गुडघ्यापाशी—" आणि फोन गेला. आता डाव्या गुडघ्यापाशी म्हणजे कुणाच्या? गाडीत गुडघे चार, त्यातले डावे दोन, आणि चारही दुखरे! दोन्ही डाव्यांपाशी चाचपलं. हाताला लागली एक गोळी, तीही खोकल्याची.

शेवटी उतरलो. वारा असा, की टोपी कुठं गेली ते टोपीलाच ठाऊक. पातं हातानं ढकललं तर सैल! आतला दांडा निसटला असणार. म्हणजे कुणी ढकललं तर चालणार, नाहीतर नाही. थांबून राहावं म्हटलं, तर चाकं बुडायला लागलेली, मागं-पुढं माणूस नाही, आणि आत हिची शिट्टी सुरू. भीती वाटली हो! खोटं कशाला सांगू? हातपाय गार पडले, ते काही सगळे थंडीनं नव्हेत.

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा हात गेला गळ्याकडे. दुकान बंद करून तीन वर्षं झाली, पण माझी टेप गळ्यातच असते. हिला लाज वाटते त्याची. एक गळ्यात, एक जादा कोटाच्या खिशात. दोन्ही टेपा पात्याला घट्ट बांधल्या, एकीचं टोक माझ्या खिडकीतून आत, दुसरीचं हिच्या. मी ओढायचं, पातं इकडे. तिनं ओढायचं, पातं तिकडे. झाला वायपर!

पण म्हणजे खिडक्या उघड्या. हिच्या तोंडावर सगळा वारा. मी म्हटलं, "अगं, तू मागं बस, मी एकटाच बघतो." तर म्हणते, "एकट्यानं? दुसऱ्या बाजूनं कोण ओढणार, तुमची आत्या?"

निघालो. मी म्हटलं "ओढ", तर तिनंही ओढलं आणि मीही ओढलं! पातं मधोमध उभं, थरथर कापतंय. "सोडा हो!" म्हणून ती ओरडली, मी सोडली टेप, तर गेली ती सरळ बाहेर, बर्फात फडफडतेय! पुन्हा उतरा, पुन्हा आणा. बेचाळीस वर्षांचा संसार, पण एकाच वेळी एक ओढतोय आणि दुसरा सोडतोय, असं आमच्या घरात कधी घडलेलंच नाही हो! सवय कुठली असणार?

मग सुचलं. दुकानात मी माप घ्यायचो, ही वहीत लिहायची. मी म्हणायचो "छाती अडतीस", की ही मागून "अडतीस" म्हणणार आणि लिहिणार. ही माझ्या बोलण्यावर बोलली नाही, असं फक्त तेव्हाच व्हायचं. मी म्हटलं, "अगं, मापं घेऊ!"

"छाती अडतीस!" मी ओढली. "अडतीस," तिनं ओढली. "बाही चोवीस!" "चोवीस." आणि काच पुसली जायला लागली! एक हात चाकावर, एक टेपेवर, गाडी मुंगीच्या चालीनं खाली निघाली.

पहिल्या वळणावर तिनं दोन फवारे मारले. पुढच्या वळणावर आणखी दोन, त्याच्या पुढच्यावर शेवटचे दोन. "गळा पंधरा!" "पंधरा." "कंबर चौतीस!" "...तीस." अर्धाच आकडा आला. वळून बघावं तर रस्ता दिसेना, न बघावं तर जीव राहीना. "खांदा सतरा!" मी ओरडलो.

काही नाही.

भीती... राहू द्या, त्याला भीती म्हणत नाहीत. बोलणारं माणूस गप्प झालं ना, की काय होतं ते मला नाही सांगता येणार. पण पातं... पातं परत गेलं! आवाज नाही, पण टेप ओढली तिनं. मग मी कुणाकुणाची मापं ओरडलो, जिवंत गिऱ्हाइकांची, गेलेल्यांची, आणि प्रत्येक मापाला पातं त्या बाजूला गेलं की म्हणायचो, आहे. आहे. अजून आहे.

"बँकेतल्या साहेबांचं पोट, बेचाळीस!" पातं गेलं. "बेचाळीस!" गेलं... जरा उशिरानं गेलं.

आणि खाली दिसली रस्तेवाल्यांची चौकी. माणसं धावली, तिला उचलून आत नेलं, शेगडीपाशी बसवलं, त्यांच्या औषधांच्या पेटीत पंप होता. मी भिंतीला टेकून उभा. मुठीत टेप तशीच, पात्याची गाठ सुटून हातातच आलेली, बोटं उघडेनात. एक जण म्हणाला, "आजोबा, बसा." मी म्हटलं, "ती बोलली की बसतो."

वीस मिनिटांनी तिच्या गालावर रंग आला. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "साहेबांचं पोट चव्वेचाळीस होतं. बेचाळीस म्हणून शिवलंत, म्हणूनच त्यांच्या लेकीच्या लग्नात बटण उडालं."

मी बसलो.

तेव्हापासून चालू आहे. घाट, फ्रीज, पंप, बटण, मग साहेबांच्या लेकीचं लग्न, मग आमचं लग्न... आज अकरावा दिवस. मी ऐकतो. आणि मधे श्वास घ्यायला म्हणून ती जरा थांबली ना, की मीच घाईघाईनं विचारतो, "बरं... पुढं?"