बत्तीस घरांची फरशी

बँकेत कर्जाच्या सहीसाठी नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, शिल्लक काहीच नव्हती ना? मग घरासाठी बँकेच्या कर्जाआधी भरायचे पैसे आणले कुठून?"

"भरलेच नाहीत. तुझ्या दादाने बिल्डरला सांगितलं, बिल्डिंगमधल्या बत्तीस घरांची फरशी मी बसवतो. मजुरी हातात देऊ नका, माझ्या घराच्या किमतीत धरा."

"आणि त्याने ऐकलं?"

"लगेच कुठे ऐकतोय. ह्यांनी आधी एक खोली फुकट करून दाखवली. बिल्डरने फरशीवर गोटी ठेवली, ती जागची हलली नाही."

"दादा म्हणजे दादाच. पण वर्षभर मजुरी नाही, मग घर कसं चाललं?"

"माझं मशीन होतं की. पडदे शिवून शिवून बोटं सोलली."

"आता तुमची फरशी तर बघायलाच नको."

"कसली गं. लोकांच्या घरांतून उरलेले तुकडे जोडलेत. एका खोलीत सतरा रंग."

"अगंबाई."

"परवा बिल्डरची बायको आली, बघतच राहिली. म्हणाली, आमच्याकडेही अश्शीच करून द्या."

"मग?"

"हे म्हणाले, देतो, पण तेवढे तुकडे जमायला आधी बत्तीस घरं बसवावी लागतात."