घोडे राखणाऱ्यांचा देव

मिलवॉकीतल्या लाँड्रीत माझ्या शेजारी एक म्हातारा वहीत लिहीत बसला होता. त्याची बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वॉल्टर, काय खरडतोयस?"

"आम्ही योद्धे बनून फासे टाकत गोष्ट रचतो ना, त्या खेळासाठी नवा देव. घोडे राखणाऱ्यांचा."

"हा कुठला देव काढलास?"

"अगं, एखादा खेळायला आला नाही, की त्याचा योद्धा मागे घोडे राखत थांबलाय असं आम्ही धरतो. म्हणजे तो मरत नाही."

"आणि याची पूजा?"

"भक्ताने रोज एक ताट जास्तीचं वाढायचं. दाराला कडी घालायची नाही."

"या शनिवारी कोण कोण येतंय?"

"सगळेच घोड्यांपाशी आहेत."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"मग हे वाचणार कोण, वेड्या?"

"परत आले की विचारतील ना, इतके दिवस आमच्याकडे कोण बघत होतं म्हणून."