तीन रविवारांचा अबोला

मैत्री कशी टिकते ते मला विचारा. मुलचेऱ्याच्या आमच्या चर्चमध्ये मी आणि सुषमा वीस वर्षं रविवारची शाळा घेतोय. अगदी जिवलग! तरी एकदा मी म्हटलं, "सुषमा, तू गाणं फार वरच्या पट्टीत धरते," आणि बाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मुलांना मात्र आम्ही दोघी मन लावून क्षमेचा धडा शिकवत होतो. मुलं आपल्या बाजूनं राहावीत म्हणून मी चिक्की आणायला लागले, तर ती मुरमुऱ्याचे लाडू.

तिसऱ्या रविवारी आठ वर्षांची एस्तेर धन्यवादाच्या प्रार्थनेला उभी राहिली. "देवा, दोनी बायांचं भांडण लावलं म्हून तुले धन्यवाद. आता आमाले दोनदा खाऊ भेटते."

मी हळूच एक डोळा उघडला. सुषमाही एका डोळ्यानं माझ्याकडेच बघत होती. दोघींना असं हसू फुटलं, की 'आमेन' मुलांनाच म्हणावं लागलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघींत मिळून एकच डबा नेला. एस्तेरनं त्यात डोकावून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "बाई, आता पुन्हा कधी भांडसान?"